पन्नासपैकी अडतीस

आयडी फॅनवर नवा ड्राइव्ह बसला त्या रात्री बॉयलरवरच्या मामांना झोप लागेना. रात्रपाळीत झोपायची परवानगी कुणालाच नसते हे खरं. पण परवानगी आणि झोप यांचा संबंध साखर कारखान्यात फारसा कुणी लावलेला नाही. भट्टीतला धूर ओढून धुराड्यात ढकलणारा हा फॅन वर्षानुवर्षं एकाच पट्टीत भोंगत आलेला. आवाज चालू असला की मामांचे डोळे मिटत, आवाज बदलला की उघडत. कारखान्यातली सगळ्यात भरवशाची अलार्म यंत्रणा तीच. त्या रात्री मात्र फॅन भोंगत नव्हता, नुसता गुणगुणत होता.

पहाटे दोनच्या सुमारास इलेक्ट्रिकलच्या साहेबांचा फोन वाजला.

“साहेब, फॅन आजारी हाय.”

“ट्रिप झाला का?”

“न्हाई, चालू हाय की.”

“मग झालंय काय?”

“चालू हाय, पर मनापासनं चालंना.”

साहेबांनी ड्राइव्हच्या पडद्यावरचा आकडा वाचायला सांगितला. मामांनी वाचला, ३८. “मग बरोबर आहे, काळजी करू नका,” असं म्हणून साहेब झोपले. मामांचा जीव मात्र थाऱ्यावर येईना. मोटरच्या नेमप्लेटवर ५० हा आकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला. नातवाला चाचणीत पन्नासपैकी अडतीस पडले तर “बाकीचे बारा कुठं गेले?” हा पहिला प्रश्न ज्या घरात येतो, त्या घरातून आलेला माणूस फॅनला वेगळा न्याय का लावेल? मामांनी नॉब पन्नासवर नेला. फॅन पूर्वीसारखा बोंबलू लागला. ओढ वाढली, अर्धवट जळलेला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, धुराबरोबर उडून जाऊ लागला. त्यावरचा उपाय मामांना तोंडपाठ होता. डॅम्पर अर्धा लावायचा. त्यांनी तो लावला आणि शांतपणे डोळे मिटले. सकाळी लॉगशीटवर नोंद होती, ‘फॅन ओके.’

म्हणजे आता चित्र असं झालं. मोटर पूर्वीसारखी पूर्ण वेगाने धावते, तिने ओढलेली हवा डॅम्पर पूर्वीसारखीच अडवतो, आणि मधे एक नवं कपाट उभं राहून आपल्या पोटापाण्यापुरती तीन-चार टक्के वीज खातं. वीज वाचवण्यासाठी लाखो रुपये खर्चून विजेचा वापर वाढवण्याचा हा पराक्रम ज्या कारखान्यात झाला त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. सांगितलं तर बाकीच्या कारखान्यांना उगीच वगळल्यासारखं वाटेल.

यात मामांचा दोष काढण्याआधी मोटरचा स्वभाव समजून घ्यायला हवा. निकोला टेस्लाला इंडक्शन मोटरची पेटंटं १८८८ साली मिळाली, तेव्हापासून ही मोटर कारखान्यांची लाडकी आहे. स्वस्त, दणकट, कुरकुर न करणारी. फक्त एका बाबतीत हट्टी. तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला. वीज ५० हर्ट्झची असेल तर चार पोलांची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या किंचित खाली फिरणार म्हणजे फिरणार. काम निम्मं असो वा पाव, तिला ‘जरा दमानं’ म्हणायची सोय नाही. मग माणसांनी वेगळा मार्ग काढला. मोटरला काही बोलायचं नाही. तिने ओढलेली हवा डॅम्परने अडवायची आणि ढकललेलं पाणी व्हॉल्व्हने. घरातल्या तापट माणसाला कुणी काही बोलत नाही, बाकीचे सगळे जपून वागतात, त्यातलाच हा प्रकार. आणि घरात एखादाच तापट माणूस असतो. मोटरींचं तसं नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०११ सालच्या अभ्यासात जगातली ४३ ते ४६ टक्के वीज मोटरींवर चालणाऱ्या यंत्रणा वापरतात असा हिशोब आहे.

ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, नेमका या हट्टावर घाव घालतो. बाहेरून आलेली एसी वीज तो आधी डीसी करतो, कपॅसिटरमध्ये साठवतो, आणि मग तिचे बारीक तुकडे पाडून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची नवी एसी मोटरला वाढतो. ३८ हर्ट्झ दिले की मोटर तेवढ्याच बेताने चालते. ही कल्पना काही कालची नाही. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने असा ड्राइव्ह १९६८ सालीच घाऊक प्रमाणात बनवायला घेतला. मुंबईकरांना तर तो कानाने ओळखीचा आहे. २००७ पासून आलेल्या नव्या लोकल फलाटावरून सुटताना खालून जो चढता सूर लागतो, तो याच मंडळींचा. रोज त्या सुरावर लटकून ऑफिसला जाणारा माणूस ऑफिसात पोचल्यावर मात्र विचारतो, “हे व्हीएफडी व्हीएफडी म्हणतात, ते काय असतं हो?”

आता मोटर एवढी मोठी मुळात का, हाही प्रश्न आहेच. सल्लागाराने सगळ्यात वाईट दिवस, सगळ्यात ओला बगॅस धरून हिशोब केला, गरज निघाली १६० किलोवॅटची. त्याने दहा टक्के वर ठेवले, कारण आपल्या हिशोबाची त्याला कल्पना होती. फॅन बनवणाऱ्याने त्यावर पंधरा टक्के चढवले, कारण त्याला सल्लागाराची कल्पना होती. गाडी २०२ वर आली. चीफ इंजिनिअर म्हणाले, “हाताशी थोडी असू दे, उद्या एक्स्पान्शन झालं तर?” झाले २२५. परचेसने फोन फिरवले, तर २५० ची लगेच मिळत होती. अशी ही वाढत्या अंगाची मोटर वाजतगाजत बॉयलर हाउसमध्ये आली. एक्स्पान्शनची फाइल अजून मुंबईला आहे.

ड्राइव्ह बसवायचा विषय संचालक मंडळापुढे आला त्या बैठकीचं इतिवृत्त जपून ठेवण्यासारखं आहे. ड्राइव्ह कंपनीचा तरुण इंजिनिअर टाय लावून आला होता. त्याने पडद्यावर नियम दाखवला. फॅनचा वेग कमी केला की हवा त्याच प्रमाणात कमी होते, दाब वर्गाने, आणि लागणारी शक्ती घनाने. वेग ७६ टक्के तर शक्ती ४४ टक्के. वेग निम्मा तर शक्ती आठवा हिस्सा. (प्रस्तुत लेखक शाळेत घनमुळाच्या धड्याला आजारी होता आणि पुढे तो आजार त्याने आयुष्यभर जपला, तरी ७६ टक्क्यांचा घन त्याने मोबाइलवर करून पाहिला आहे. ४३.९ येतात.) संचालकांनी माना डोलावल्या. मग विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरचा पंप असल्याने मंडळातले विद्युततज्ज्ञ ठरलेले एक ज्येष्ठ संचालक खाकरले.

“म्हंजे मोटर आम्ही पन्नासची घेतली.”

“हो साहेब.”

“पैसं पन्नासचं मोजलं.”

“हो.”

“आणि आता तुला अजून पैसं द्यायचं, कशासाठी, तर ती अडतीसवर चालावी म्हणून?”

टायवाल्याला घाम फुटला. दुसऱ्या एका संचालकांनी त्याची बाजू सावरून धरत विचारलं, की उरलेल्या बारा हर्ट्झचे पैसे मोटर कंपनीकडून परत मिळवता येतील का. यावर लेखी मत घ्यावं असं ठरलं.

खरं तर याच कारखान्यात, याच लोकांनी, गव्हाणीवरची मोटर हळू चालवायला कधीच हरकत घेतली नव्हती. केन कॅरियरचा वेग पूर्वीपासून कमी-जास्त करतात. आधी डायनोड्राइव्ह होते, मग व्हीएफडी आले. ऊस जास्त झाला की मिलच्या तोंडाशी चोक होतो, कमी पडला की मिल रिकामी खडखडते. पूर्वी वरच्या बाजूला उभा असलेला माणूस खालच्या माणसाला हातवारे करून वेग सांगायचा. त्या हातवाऱ्यांत वेगाखेरीज इतरही पुष्कळ मजकूर असायचा. आता चूटमधली उसाची पातळी सेन्सर मोजतो आणि कॅरियर आपोआप मंदावतो किंवा धावतो. इथे कुणाला अडतीस-पन्नास आठवत नाहीत, कारण ऊस डोळ्याला दिसतो. हवा दिसत नाही. न दिसणारी वस्तू कमी ढकलली तर नुकसान आपलंच झालं असणार, असं माणसाला वाटतंच. नळातून पाणी भसाभस पडलं की भांडी जास्त स्वच्छ होतात असं मानणाऱ्या देशात याचं आश्चर्य नको.

असो. ठराव झाला, ड्राइव्ह आला आणि त्याच्यासोबत त्याचे नखरे आले. त्याला धूळ चालत नाही, चाळिसाच्या वरचं तापमान सोसत नाही. साखर कारखान्यात या दोन गोष्टी सोडून दुसरं काय असतं? म्हणून त्याला स्वतंत्र खोली बांधली, खोलीला एसी बसवला. आठवड्याभरात ती खोली कारखान्याचं सांस्कृतिक केंद्र झाली. फिटर तिथे डबा खायला येऊ लागले, केमिस्ट तिथे निकाल लिहू लागले, एका पाळीचे वजनकाटेवाले तिथे नुसतेच येऊ लागले. दार दिवसभर उघडझाप. एसी दमला, खोली तापली आणि ड्राइव्ह पहिल्यांदा ट्रिप झाला. दारावर पाटी लागली, ‘येथे जेवू नये.’ मंडळींनी पाटीचा मान राखून चहा तेवढा तिथे ठेवला.

दुसरी ट्रिप धार्मिक होती. खंडेनवमीला बॉयलरपासून स्पॅनरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी ड्राइव्हचीही झाली. एवढ्या महागाच्या यंत्राला बारका हार शोभत नाही, म्हणून झेंडूचा जाडजूड हार नेमका हवा आत जाण्याच्या जाळीवर चढला. हंगामापूर्वीची चाचणी होती, बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला पाहुणे आले होते, भटजींचं शेवटचं आचमन चाललं होतं आणि पॅनेलने लाल अक्षरांत तक्रार दाखवली: ओव्हर टेंपरेचर. हार काढा म्हणायची कुणाची छाती होईना. शेवटी साहेबांनी ‘दर्शन नीट होत नाही’ असं सांगून तो वर सरकवून घेतला.

दरम्यान घनाचा नियम अकाउंट्स विभागापर्यंत पोचला. अर्धवट पोचलेला नियम हा न पोचलेल्या नियमापेक्षा जास्त धोकादायक असतो. चीफ अकाउंटंटनी कॅल्क्युलेटर काढला. वेग पाचवा हिस्सा केला तर शक्ती एक टक्क्याहून कमी! त्यांनी लेखी विचारणा केली, की फॅन ३८ ऐवजी दहावर का चालवत नाहीत, याचा खुलासा तीन दिवसांत व्हावा. खुलासा करण्याऐवजी साहेब त्यांना बॉयलरसमोर घेऊन गेले आणि वेग दहावर न नेता फक्त थोडासा खाली आणून दाखवला. ओढ संपताच भट्टीने धूर धुराड्याऐवजी फटींमधून, तपासणीच्या झडपेतून, थेट अकाउंटंटांच्या पांढऱ्या शर्टाकडे सोडला. खुलासा मान्य झाला. फार हळू चालणारी मोटर स्वतःच तापते, कारण तिला गार ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, हा मुद्दा साहेब सांगणार होते; पण ऐकणारा खोकत खोकत कँटीनकडे निघून गेला होता.

उलट दिशेचा भक्तही निघालाच. दिवसपाळीवर नवा लागलेला, आयटीआय झालेला एक हुशार पोरगा. पन्नास हीच कमाल मर्यादा आहे हे त्याला पटेना. त्याने मॅन्युअल वाचलं (हा पराक्रम त्या कारखान्यात त्याच्याआधी कुणी केल्याची नोंद नाही), मर्यादेचा पॅरामीटर शोधला आणि फॅन पंचावन्नवर नेला. पन्नासपैकी पंचावन्न! घन इकडेही चालतो, फक्त खिशाच्या उलट बाजूने. वेग दहा टक्के वर, भार एक-तृतीयांश वर. पूर्ण वेगात २०० किलोवॅट घेणारा फॅन २६६ मागायला लागला आणि अडीचशेच्या मोटरने हात टेकले. आयडी फॅन बंद म्हणून भट्टीत हवा ढकलणारा एफडी फॅन बंद, वाफ उतरली, मिल थांबल्या, गव्हाणीवर ऊस तसाच, आणि यार्डात बैलगाड्यांची रांग वाढत गेली. मामा त्या वेळी पाळीवर नव्हते. तरी घरून चालत आले आणि म्हणाले, “मी पयल्याच रात्री सांगितलं हुतं, त्याला ताप हाय.”

साहेब सुट्टीला कोल्हापुरात आपल्या फ्लॅटवर गेले, तर तिथेही ड्राइव्ह त्यांच्या आधी पोचलेला. सोसायटीच्या चेअरमननी वीजबचतीवर एक भाषण ऐकलं होतं आणि एका सभासदाच्या मेव्हण्याची एजन्सी होती. टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला ड्राइव्ह बसला. घनाचा नियम चेअरमननी लिफ्टमध्ये चिकटवला. पंप चाळीसवर लावला. आवाज कमी, करंट कमी, मीटर संथ. कमिटीत आनंदीआनंद. फक्त टाकी भरेना.

पाण्याला उंची चढायची असते, आणि उंची वाटाघाटी करत नाही. वेगाबरोबर पंपाचा दाब वर्गाने घसरतो. पन्नासला जास्तीत जास्त ४० मीटर दाब देणारा पंप चाळीसला साडेपंचवीस मीटरवर हात टेकतो. इमारत ३० मीटरची. पाणी आठव्या मजल्यापर्यंत चढून पाइपात उभं राहिलं आणि पंप रात्रभर तेच पाणी घुसळत बसला. टाकी भरायची असेल तर योग्य मापाचा चांगला पंप घ्यावा, पुरेशा वेगाने चालवावा आणि भरली की बंद करावा. ड्राइव्ह शोभतो तो गरज सतत कमी-जास्त होते तिथे: नळांना थेट दाब देणारे बूस्टर पंप, एसीचे कॉम्प्रेसर, बॉयलरचे फॅन. हे साहेबांनी समजावून सांगितलं.

“पण वीज वाचली की नाही?” चेअरमन म्हणाले.

“वाचली.”

“आणि पाणीही वाचलं.”

यावर काय बोलणार? शिवाय ज्यांच्या घरी हे बोलणं चाललं होतं तिथला इन्व्हर्टर एसी, म्हणजे पोटात असाच ड्राइव्ह असलेला एसी, सोळा अंशांवर होता आणि चेअरमन शाल पांघरून बसले होते. १ जानेवारी २०२० पासून नवे रूम एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू व्हावेत असा नियम आहे. सरकार चोवीसवर सुरू करून देतं; तिथून खाली यायला माणसाला रिमोटची आठ बटणं पुरतात. कॉम्प्रेसर बिचारा खोली गार झाली की हळू व्हायला टपलेला असतो, पण सोळा अंश कधी येतच नाहीत, त्यामुळे त्याची ती संधी हुकते.

कारखान्यातला तिढा मात्र साहेबांनी सोडवला, आणि त्याला घन, वर्ग, प्रशिक्षण, पोस्टर यांतलं काहीच लागलं नाही. प्रशिक्षण देऊन झालं होतं. मामांनी त्यात वडापाव खाऊन सही केली होती आणि रात्री नॉब पन्नासवर नेला होता. मग साहेबांनी एक दिवस ड्राइव्हच्या मेनूत शिरून पडद्यावर हर्ट्झऐवजी मिनिटाच्या फेऱ्या दिसतील अशी व्यवस्था केली. आता तिथे ३८ नव्हे, ११३० दिसू लागले. मामांनी पडदा बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

“अकराशे तीस?”

“अकराशे तीस.”

“आता बरा झालाय,” मामा म्हणाले. त्यानंतर नॉबला कुणी हात लावला नाही. डॅम्पर सताड उघडा राहिला, फॅन गुणगुणत राहिला आणि मामांना त्या नव्या सुरातही झोप लागू लागली.

यथावकाश वार्षिक सर्वसाधारण सभा आली. कारखान्याचा स्वतःचा को-जन प्रकल्प होता, म्हणजे बगॅसवर वीज करायची, वापरून उरलेली ग्रिडला विकायची. तेव्हा घरात वाचलेला प्रत्येक युनिट बाहेर विकायला मोकळा. कार्यकारी संचालकांनी अहवाल वाचला: डॅम्पर लावून १७५ किलोवॅटच्या आसपास घेणारा फॅन ड्राइव्हवर ८८ घेतो, दिवसाला दोन हजार युनिट वाचतात, दीडशे दिवसांच्या हंगामात तीन लाख. मांडवात टाळ्या पडल्या. इतक्यात मागच्या रांगेतून एक सभासद उठले. त्यांनी माइक मागितला नाही, त्यांना त्याची गरज नव्हती.

“वीज वाचली म्हंता. इकली म्हंता. पैसं आलं म्हंता. मग उसाला टनामागं किती वाढवून देताय?”

व्यासपीठावर कुजबुज झाली. चीफ अकाउंटंटनी कॅल्क्युलेटर काढला. युनिटला पाच रुपये धरले तर पंधरा लाख. दिवसाला पाच हजार टन गाळप, दीडशे दिवस, साडेसात लाख टन.

“टनाला दोन रुपये,” ते शक्य तितक्या हळू म्हणाले, पण माइक चालू होता.

“दोन रुपयं?” सभासदांनी मांडवाकडे वळून बघितलं. “त्यापरीस फॅन फुल सोडा. कारखाना चालू हाय, ह्ये गावात ऐकू तरी यील!”

“मंजूर! मंजूर!” मागून आवाज उठला, आणि विषयपत्रिकेवर हा विषय आहे की नाही हेही न बघता सेक्रेटरींनी ठरावाच्या वहीत सूचक आणि अनुमोदक यांची नावं लिहायला घेतली.